न मोडलेला डाव

अक्षराबद्दल आधीच माफी मागतो. वाचताना त्रास होईल. एके काळी आमच्या खात्यात माझी फील्डबुकं नव्या पोरांना नमुना म्हणून दाखवत. आकडे कसे काढावेत, खाडाखोड न करता चूक कशी दुरुस्त करावी, हे कुलथ्यांकडून शिका, असं आमचे साहेब सांगायचे. मला त्याचा गर्व होता आणि तो मी लपवतही नसे. आता एक पान लिहायला अर्धा दिवस जातो. तरी जे झालं ते लिहून ठेवायचं ठरवलं आहे, कारण तोंडी सांगितलं की लोक मध्येच हसतात.

एकोणीसशे बहात्तरच्या मार्चमध्ये मला अकोले तालुक्यात पाठवलं. मी रस्त्यांच्या कामावरचा ओव्हरसियर. तालुक्याच्या पश्चिम टोकाला सह्याद्री एकदम तुटतो आणि दोन हजार फूट खाली कोकण दिसतं. तिथून बैलांच्या तांड्यांची एक जुनी वाट उतरते. त्या वाटेनं मोटारीचा रस्ता काढता येईल का, एवढंच पाहायचं होतं. येणार नव्हता, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. पण सरकारी कामात नाही म्हणायलाही मोजमाप लागतं.

मुक्काम पायरवाडीच्या एकखोली शाळेत होता. राजूरला एस.टी. सोडली की तिथपर्यंत तीन तासांची पायपीट. माझ्याबरोबर तिघे जण. सर्व्हेच्या गड्यांना आमच्यात खलाशी म्हणतात. समुद्र त्यांनी बघितलेला नसतो. त्यातला भिमाजी संगमनेरकडचा, पंचेचाळिशीचा. छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेला, पेपर अथपासून इतिपर्यंत वाचणारा, आणि बोलायला लागला की ऐकणाऱ्याच्या हातातली भाकरी तशीच राहायची. दुसरा गोरक्ष, कोपरगावकडचा, चोवीस वर्षांचा, अंगानं दणकट आणि डोक्यानं तापट. तिसरा रंभाजी. तो पायरवाडीचाच, साठीचा, वाट दाखवायला रोजावर घेतलेला.

गोरक्षची गोष्ट आधी सांगायला हवी. त्याची बायको पुष्पावती बाळंतपणाला माहेरी होती. आदल्या वर्षी पहिलं मूल झालं तेव्हा हा भंडारदऱ्याला कामावर होता. तार मिळून घरी पोचला तोवर मूल झालंही होतं आणि गेलंही होतं. पुष्पावती त्याच्याशी महिनाभर बोलली नव्हती.

"सायेब, एप्रिलअखेरची तारीख हाय," तो मला पहिल्याच आठवड्यात म्हणाला. "काय बी करा, पन त्याच्या आत मला सोडा. ह्या खेपंला मी तिथं पाहिजे."

"कड्याचं काम संपलं की त्याच दिवशी सोडतो," मी म्हणालो. शब्द दिला.

काम मात्र पुढे सरकेना. गोरक्ष आणि रंभाजी यांचं एकमेकांशी पटत नव्हतं. पाण्यावरून, दोर कुणी धरायचा यावरून, कशावरूनही जुंपायची. एकदा घसरड्या उतारावर रंभाजीचा पाय गेला आणि गोरक्ष दोन हात अंतरावर नुसता बघत उभा राहिला. म्हातारा झुडपाला धरून वर आला, पण त्या दिवसापासून मला भीती वाटायला लागली. कड्यावरच्या कामात माणसं एकमेकांची नसली तर कुणीतरी जातंच.

दुपारी बारा ते दोन काम बंद असे. एप्रिलच्या उन्हात कातळावर हात ठेववत नाही, आणि तापलेल्या हवेत मोजणीच्या दुर्बिणीतून दिसणारे पट्टीवरचे आकडे थरथरतात. वाट जिथून उतरायला लागते तिथे, अगदी कड्यालगत, एक कपार आहे. वरचा खडक पुढे आल्यानं दोन वाजेपर्यंत सावली टिकते. शेजारी कातळात कोरलेलं पाण्याचं टाकं. पाणी काळसर, पण दात दुखतील इतकं गार. त्या कपारीच्या फरशीवर कुणीतरी, कधीतरी, एक पट कोरला होता. छोट्या खळग्यांची एक लांब वेलांटी, नागमोडी, कड्याच्या काठापाशी सुरू होऊन आत भिंतीपर्यंत गेलेली. सुरुवातीला काठालगत पाच मोठ्या खळग्या ओळीनं.

"तांडेवाले खेळायचे," रंभाजी म्हणाला. "माझा आज्जा सांगायचा. आमी हितं गुरं घेऊन यायचो, पन खेळलो न्हाई कवा."

"का बरं?"

"कुनी खेळत न्हवतं, म्हून."

खेळ काढला तो भिमाजीनं. नुसते खडे सरकवण्यात त्याला राम वाटेना. तो म्हणाला, आपणच तांडा होऊ. प्रत्येकानं एकेक माणूस व्हायचं. ही वेलांटी म्हणजे घाट. वाटेत काय येतं ते मी सांगीन, आणि त्यातून कसं निभवायचं ते तुम्ही सांगा. रंभाजी अर्थातच वाटाड्या झाला. गोरक्ष तिरंदाज झाला. मी वैद्य, कारण माझ्याकडे आयोडीनची बाटली होती. भिमाजी तांड्याचा नाईक. माझा खडा पांढरी गारगोटी, गोरक्षचा विटेचा तुकडा, रंभाजीचा हिरडा आणि भिमाजीचं खाकी शर्टाचं पितळी बटण. चार चिंचोके फोडून त्यांचे चार अर्धुके फासे म्हणून घेतले. जितक्या पांढऱ्या बाजू वर पडतील तितक्या खळग्या पुढे. चारही काळे पडले तर तो माणूस दरीत पडला.

पडलेल्याला वाचवायला एकच उपाय होता. दुसऱ्यानं आपली पाळी सोडायची, पडलेल्या खड्याशेजारी तळहात कातळावर टेकवायचा आणि म्हणायचं, हात दिला. मग दर पाळीला पडलेल्याच्या नावानं चिंचोके टाकायचे. एखादा तरी पांढरा पडेपर्यंत हात उचलायचा नाही. पांढरा पडला की तो माणूस उठून हात देणाऱ्याच्या शेजारी उभा राहणार आणि तिथून दोघांनी बरोबरच चालायचं, शेवटपर्यंत.

भिमाजी सांगायचा तेव्हा मीसुद्धा ऐकत राही. आटलेला झरा, गांधीलमाश्यांचं मोहोळ, वाट अडवून बसलेला बिबट्या. तिरंदाजाचा बाण लागेना की वाटाड्यानं दुसरी वाट काढायची, वाटाड्याला साप चावला की वैद्यानं उतरायचं. एकट्याला एकही वळण पार करता येत नव्हतं. दुसऱ्याच दिवशी रंभाजीचा हिरडा पडला, आणि आदल्या दिवशी ज्याला त्यानंच हात देऊन वाचवलं होतं तो गोरक्ष म्हणाला, "मी न्हाई देत. माझी पाळी जाती."

मला राग आला. साहेब होतो, नियम करायची सवय. मी म्हणालो, "आजपासून नियम. ज्यानं एकदा हात घेतला, त्यानं देणाऱ्याला तो मागेल तेव्हा द्यायचा. नाही म्हणायचं नाही. फार तर दुसरा कुणी त्याच्या बदली देईल, पण द्यायचा." गोरक्षनं तोंड वाकडं करून हात टेकवला.

त्या नियमानं कामच पालटलं. आठवड्याभरात गोरक्ष रंभाजीची पाण्याची कळशी न सांगता उचलायला लागला. उतारावर पुढचा माणूस थांबला की मागचा न बोलता दोर घट्ट धरायचा. रोज दुपारी दोन वाजता आम्ही खडे होते तिथेच ठेवून उठायचो आणि दुसऱ्या दिवशी बारा वाजता तिथूनच पुढे खेळायचो. घाट लांब होता, एका दुपारी संपणारा नव्हता. मी मनात स्वतःची पाठ थोपटली.

अठरा एप्रिलला गोरक्षचा तुकडा पडला. चारही काळे. त्याच वळणावर आधी माझा खडा पडला होता, आणि मला सोडवायला भिमाजी आणि रंभाजी दोघांनीही हात टेकवले होते, पांढरा अजून पडला नव्हता. म्हणजे गोरक्षला द्यायला हात उरला नव्हता. भिमाजी हळहळला. "गेला बघ तिरंदाज," तो म्हणाला, आणि त्याच वेळी कुणीतरी म्हणालं, "दिला."

आवाज साधा होता. जरा बसलेला, सर्दी झाल्यासारखा. गोरक्षनं चिंचोके टाकले, दोन पांढरे पडले, तुकडा वाचला. डाव पुढे गेला. परत येताना मी रंभाजीला म्हणालो, "बाबा, तुमचा हात अडकलेला असताना दुसरा दिलात. नियमात बसत नाही."

"मी कुटं दिला? मला वाटलं तुमी."

भिमाजीला वाटलं होतं रंभाजीनं. गोरक्षला वाटलं होतं भिमाजीनं. आम्ही चौघेही हसलो. कोणी फार हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिलं तर खडे जागेवर होते. काठालगतच्या पाच मोठ्या खळग्यांपैकी पाचवी, जी आम्ही कधी वापरलीच नव्हती, तिच्यात एक काळा गुळगुळीत खडा होता. नदीच्या तळातला असतो तसा. तिथून नदी दोन हजार फूट खाली आहे.

"पोरांनी टाकला असंल," गोरक्ष म्हणाला.

खळगीशेजारी ओल होती. नीट पाहिलं तर तो पंजा होता. माणसाचा, उजव्या हाताचा, मोठा. मी पाणी सांडून पाहिलं, मिनिटभरात वाळलं. पंजा मात्र आम्ही भाकरी खाऊन उठेपर्यंत ओलाच होता. मला खटकलं ते वेगळंच. आपण पटाशी बसून हात टेकवला तर बोटं दरीकडे जातात. त्या पंजाची बोटं आमच्याकडे होती. ज्या बाजूनं तो टेकवलेला होता, तिथे बसायला जागाच नाही. तिथे फक्त दरी आहे.

दुपारची भाकरी रंभाजीची बायको राहीबाई आणायची. ती कपारीत कधी येत नसे. टोपली अलीकडच्या दगडावर ठेवून हाक मारायची. त्या दिवशी तिनं लांबूनच पटाकडे बघितलं.

"रोज डाव मोडून उठता ना?" तिनं विचारलं.

"न्हाई," गोरक्ष म्हणाला. "उद्याला फुडं खेळतो. लई लांबचा डाव हाय."

तिनं नवऱ्याकडं बघितलं, माझ्याकडं नाही. "तुमाला तर ठावं हाय. डाव मांडला तर मोडून उठावं. तसाच ठिवला तर तुमी गेल्यावर तिथं कोन बसतं?"

रंभाजीनं मान खाली घातली. मी टोपली उचलली. अशा गोष्टींना उत्तर देऊ नये, असं तेव्हा माझं मत होतं.

पुढचे तीन दिवस आम्ही कपारीत बसलो, पण खेळलो नाही. खडे उचलायलाही कुणी पुढे झालं नाही. प्रत्येकाला वाटत होतं दुसऱ्यानं उचलावेत. खरं तर साहेब मी होतो.

बावीस तारखेला मी कपारीसमोर, घळीच्या पलीकडे उंची मोजायची लेव्हल लावली होती. ज्यांनी हे यंत्र पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडच्या जुन्या लेव्हलच्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं. आकाश खाली, जमीन वर, माणूस खाली डोकं वर पाय. वीस वर्षांत डोळ्याला त्याची इतकी सवय झाली होती की सुलट दिसलं असतं तर चुकल्यासारखं वाटलं असतं. भिमाजी मोजमापाची पट्टी धरून पटापाशी, काठावर उभा होता. दुर्बिणीत तो नेहमीसारखा उलटा लोंबत होता. मी आकडा वाचला, लिहिला, पुन्हा डोळा लावला.

काठाच्या पलीकडे, कड्याच्या उघड्या अंगावर, भिमाजीच्या पावलांजवळ आणखी एक जण होता. तो सुलट होता.

मी दुर्बिणीवरून डोळा काढून नुसत्या डोळ्यानं बघितलं. भिमाजी एकटा. पुन्हा डोळा लावला. तो तिथेच. एक हात काठाला, तोंड माझ्याकडे. एवढ्या लांबून चेहरा कळत नव्हता, फक्त अंग ओलं असल्यासारखं चकाकत होतं. मी बऱ्याच वेळा विचार केला आहे. एक तर तो कड्याला खाली डोकं करून चिकटला होता, किंवा माझ्या यंत्राची काच त्याला उलटं करू शकत नव्हती. दोन्हींपैकी कोणतं कमी वाईट, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी भिमाजीला हाक मारून परत बोलावलं. ऊन लागलं म्हणालो. त्या दिवशीच्या पानावर, आयुष्यात पहिल्यांदा, मी खाडाखोड केली.

तेवीस तारखेला राजूरहून पोस्टमन चालत आला. गोरक्षच्या सासऱ्याचं कार्ड होतं. पोट खाली उतरलंय, सुईण म्हणते चार दिवसही जायचे नाहीत, निघून या. कार्ड पाच दिवसांपूर्वीचं होतं.

गोरक्षनं ते मला वाचायला दिलं आणि समोर उभा राहिला. मी त्याला तेव्हाच सोडायला हवं होतं. सकाळचे दहा वाजले होते. काम जवळजवळ संपलं होतं. फक्त एक खूण राहिली होती. पटाच्या बरोबर खाली, सात-आठ फुटांवर, कड्यात पायरीएवढा टप्पा होता. तिथे छिन्नीनं खूण करून तिची उंची घ्यायची होती. ती नसती तरी चाललं असतं. फील्डबुकात एक ओळ रिकामी राहिली असती, एवढंच.

"एवढं कर आणि तसाच राजूरला जा," मी म्हणालो. "पाचची एस.टी. मिळेल."

"तिथंच पाहिजे का सायेब?" भिमाजीनं विचारलं.

"तिथंच पाहिजे."

गोरक्षनं कमरेला दोर बांधला. आम्ही तिघांनी तो धरला. बारा वाजत आले होते. त्यानं कार्ड खिशात नीट सारलं, छिन्नी दातात धरली आणि काठावरून उतरला. मी पटाकडे बघायचं टाळलं.

खालून छिन्नीचे घाव ऐकू आले. दहा, बारा. मग थांबले.

"झालं का?" मी विचारलं.

"झालं. ओढा."

आम्ही ओढला. दोर हलला नाही.

पुन्हा जोर लावला. रंभाजीचे पाय कातळावरून घसरले. एका माणसाचं ओझं तिघांना कळतं. हे दोघांचं होतं.

"गोरक्ष, पाय कशात अडकलाय?"

 मग त्याचा आवाज आला, अगदी खालच्या पट्टीत. "अडकला न्हाई सायेब. धरलाय."

"कुणी?"

"बगवत न्हाई मला. लई गार हात हाय." तो श्वास घ्यायला थांबला. "त्यो हात मागतोय."

रंभाजी पटाकडे बघत होता. मीही बघितलं. काळा खडा पाचव्या खळगीत होता, आणि त्याच्या पुढ्यात चार चिंचोके. चारही काळे. भिमाजीनं एक हात सोडून शर्टाचा खिसा चाचपला. चिंचोके त्याच्या खिशात असायचे. खिसा रिकामा होता.

"त्यो पडलाय सायेब," भिमाजी म्हणाला. मोठ्या गोष्टी सांगणारा त्याचा आवाज कुजबुजीएवढा झाला होता. "गोरखनं त्याचा हात घेतलाय. आता गोरखनं द्यायचा."

"मी देतो," खालून गोरक्ष म्हणाला. "माझ्यावरच हाय ते. सायेब, पुष्पीला सांगा मी निघालो हुतो."

दोराला झटका बसला. त्यानं दोरावरचा एक हात सोडला होता.

मी शूर माणूस नाही. खात्यात सगळ्यांना ठाऊक आहे. पण नियम मी केला होता, आणि ती एक ओळ मला भरायची होती. त्या क्षणी मला स्वतःची जेवढी शिसारी आली, तेवढी भीती वाटली नाही. भीती नंतर आली.

"रंभाजीबाबा, दोर घट्ट धरा," मी म्हणालो. "गोरक्ष, हात सोडू नकोस. बदली मी देतोय."

मी पालथा झालो. उजवा तळहात पाचव्या खळगीशेजारी, काठावर टेकवला.

"हात दिला."

कातळ भाजत होता. मग भाजायचा थांबला. माझ्या बोटांमध्ये चार बोटं खालून आली, टाक्यातल्या पाण्यासारखी गार, आणि मिटली.

दोर एकदम हलका झाला. गोरक्ष वर आला.

तो बराच वेळ कपारीत पडून राहिला. डाव्या घोट्याभोवती ओलं कडं उमटलं होतं. रंभाजीनं त्याला उठवलं, पाणी पाजलं आणि मी पालथ्यानंच ओरडून त्याला पिटाळलं. तो पळतच राजूरच्या वाटेला लागला, मागे वळून बघत. भिमाजीनं आमचे चारही खडे गोळा करून दरीत फेकले. काळ्या खड्याला हात लावायला कुणी तयार नव्हतं. मग मी हात उचलला. म्हणजे मला तो उचलता आला. रिकामा मात्र झाला नाही.

गोरक्ष वेळेवर पोचला. मुलगी झाली, दोघी सुखरूप. त्याचं पत्र मी शाळेच्या ओट्यावर बसून तीनदा वाचलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

त्याला आता वीस महिने झाले. नगरच्या डॉक्टरांनी नस दबली आहे असं सांगितलं. बोटं अर्धवट मिटलेली असतात, काहीतरी धरल्यासारखी, आणि उघडत नाहीत. तळहात ओला असतो. घाम, असं ते म्हणाले. मी त्यांना वास घ्यायला सांगितलं नाही. मला टेबलावरचं काम दिलं आहे आणि मी डाव्या हातानं लिहायला शिकतो आहे.

ते चार चिंचोके मी बरोबर आणले होते. रोज सकाळी, चहाच्या आधी, त्या पाचव्याच्या नावानं एकदा टाकतो. चारही काळे पडण्याची शक्यता सोळात एक. चिंचोका नाण्यासारखा काटेकोर पडत नाही हे धरलं तरी फार तर दहात एक. कालपर्यंत सहाशेहून जास्त वेळा टाकले. प्रत्येक वेळी चारही काळे.

पहिल्या वर्षी पकड बोटांत होती. मग मनगटावर आली. या दिवाळीत कोपराच्या वर होती. ओझं वाढत नाही, फक्त वर सरकतं.

दिवाळीत गोरक्ष आला होता, पुष्पावती आणि मुलीला घेऊन. मुलगी ओट्यावर धडपडत चालत होती. त्यानं माझी बाही वर करून दंड बघितला आणि पुन्हा नीट खाली केली.

"सायेब, आता मला द्या," तो म्हणाला. "भिमाजीमामा बी तयार हाय, रंभाजीबाबा बी. आळीपाळीनं धरू. तुमीच शिकिवलं आमाला."

मला द्यावासा वाटला. खोटं कशाला लिहू. तोंडापर्यंत शब्द आला होता. तेवढ्यात मुलगी पडली आणि त्यानं दोन्ही हातांनी तिला उचललं.

"नको," मी म्हणालो. "तुझे हात मोकळे नाहीत."

जाताना त्यानं राहीबाईचा निरोप सांगितला. साहेबांना म्हणावं चिंचोके टाकायचं सोडा. पांढरा पडला म्हणजे सुटलं असं समजू नका, पडलेला उठतो. मी हो म्हणालो. पण रिकामी ओळ मला कधी सोडता आलेली नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा टाकले.

इथपर्यंतचं कालपर्यंत डाव्या हातानं लिहिलं.

आज सकाळी एक पांढरा पडला.

दंडावरची पकड सुटली. बोटं एकेक करून उघडली. मी मूठ मिटली, उघडली, पुन्हा मिटली, आणि एकटाच खोलीत हसलो. मग टाक उचलला. या शेवटच्या ओळी उजव्या हातानं लिहितो आहे. पाहा, अक्षर पूर्वीसारखं आहे. एकही खाडाखोड नाही.

नगरला पाण्याची टंचाई आहे. आमच्या आळीत परवापासून नळाला पाणी आलेलं नाही. माठ कोरडा आहे. माझ्या खुर्चीच्या उजव्या बाजूची फरशी ओली आहे. दोन पावलं आहेत, शेजारी शेजारी. बोटं माझ्याकडे आहेत.